वाढप्याची विहीर

आमच्या ह्यांना गावात सगळे सेक्रेटरी म्हणत, पण वस्तीत त्यांचं खरं नाव वाढपी. लग्न असो, बारसं असो, की बुद्धपौर्णिमेचं जेवण असो, पंगत वाढायला ह्यांच्याशिवाय दुसरा माणूस कुणाला चालत नसे. माणसं किती येणार, ओळी किती बसणार, भाताचं पातेलं चुलीवरून कधी उतरवायचं आणि त्या वेळी वरणाची बादली कुणाच्या हातात असायला हवी, हे सगळं ते आधीच डोक्यात मांडून ठेवत. एक पंगत उठली की दुसरी बसलीच पाहिजे. वाढणारा हात रिकामा दिसला की ते तापायचे. त्यांच्या हाताखाली वाढायला जाणं म्हणजे पोलिसात भरती होण्यासारखं, असं वस्तीतली माणसं म्हणायची.

सगळ्यात शेवटी, पातेल्याच्या बुडाला जे काही उरेल ते घेऊन ते स्वतः जेवायला बसत. बऱ्याचदा काही उरतच नसे. मग घरी येऊन माझ्याकडं भाकरी मागत. मला भारी राग यायचा. अख्ख्या वस्तीला गोडधोड जेवू घालून घरी शिळी भाकरी आणि ठेचा खाण्यात कसला मोठेपणा, असं मी तोंडावर बोलून दाखवायचे. त्यावर सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "म्याच शिकिवलंय त्याला. वाढप्यानं शेवटी जेवावं. आदी जेवला की वाढताना हात आखडतोय."

माझं लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा आम्ही बौद्ध झाल्याला बरीच वर्षं लोटली होती. देव्हारे गेले होते, घरोघर बाबासाहेबांची तसबीर आली होती, हे मॅट्रिक होऊन सोसायटीत नोकरीला लागले होते. बदलला नव्हता तो गावचा आड. आमच्या बायकांनी घागरी घेऊन आडापासून हातभर लांब बसायचं. गावातली कुणी बाई पाणी शेंदायला आली, तिला दया आली, की ती पोहरा वरून आमच्या घागरीत ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं हातावर. तिला घाई असली तर नुसतंच हातावर. मी माहेरी उमरग्याला नळावर भांडून पाणी भरलेली मुलगी. पहिल्याच दिवशी मी रिकामी घागर घेऊन घरी परतले आणि रडले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून मला आडावर पाठवलं नाही, स्वतः जायला लागल्या. "मला सवय हाय," म्हणायच्या. त्यांची सगळी उमर ओंजळ धरण्यात गेली होती. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, पाणी पेले म्या लई. पर शेंदून कवा पेले न्हाय. मरायच्या आदी एक पोहरा माज्या हातानं वडून पिईन, मंग खुशाल जाईन."

त्यांचं मागणं एवढंच होतं.

मग दुष्काळ आला. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. ज्वारीचा कडबा गुडघ्याएवढाही झाला नाही. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्याच सुमारास सोसायटीकडं सामुदायिक विहिरींची योजना आली. चार-पाच शेतकऱ्यांत मिळून एक विहीर, अशा काही विहिरी गावात व्हायच्या होत्या. शेवटी आमच्या वस्तीचंही नाव लागलं, कारण आमच्यातल्या काही जणांना माळाकडेला जमिनीचे तुकडे मिळाले होते. शेताला पाणी आणि वस्तीला पिण्याचं, दोन्ही त्याच विहिरीतून. ही बातमी ह्यांनी घरी सांगितली, त्या दिवसापासून सासूबाई अंबाडीचा दोर वळायला बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, विहिरीचा पत्ता न्हाय आन् दोर कशाला?" त्या म्हणाल्या, "दोराला येळ लागतो. विहिरीला काय, सुरुंग लावला की झाली."

सुरुंग लावला की विहीर होत नाही, हे पहिल्या विहिरीवर सगळ्या गावाला कळलं. कामाच्या तारखा चेअरमननी सोसायटीत बसून ठरवल्या होत्या आणि माणसं आणायचं काम दुसऱ्याच एकावर सोपवलं होतं. दगडमाती वर ओढायची यारी उमरग्याहून भाड्यानं आली. तिचं भाडं दिवसावर होतं. चालली तरी तेवढंच, उभी राहिली तरी तेवढंच. यारी आली तेव्हा माणसं आली नव्हती. माणसं आली तेव्हा सुरुंगवाला दुसऱ्या गावाला गेला होता. सुरुंगवाला आला तेव्हा माणसं कंटाळून निघायच्या बेतात होती. नवरा आला तर भटजी नाही, भटजी आला तर अक्षता नाहीत, असं ते लग्न चाललं होतं. एक विहीर पुरी व्हायच्या आत योजनेचे निम्मे पैसे खाऊन बसली. चेअरमन डोक्याला हात लावून बसले आणि ह्यांना म्हणाले, "सेक्रेटरी, आता तुमीच बगा."

ह्यांनी ते काम घरी आणलं. दुपारी सोसायटीतून आले, की सारवलेल्या जमिनीवर कोळशानं रेघा मारायचे आणि चिंचोके मांडायचे. मोठा चिंचोका म्हणजे विहीर. ज्वारीचे दाणे म्हणजे माणसं. तुरीची डाळ सुरुंगवाला, आणि यारीसाठी माझ्या शिवणाच्या डब्यातलं एक बटण. मी विचारलं, हा कसला पोरखेळ? ते म्हणाले, "काम येका घोंगडीवर आन् माणसं दुसऱ्या घोंगडीवर, म्हणून खर्च हुतोय. दोन्ही येकाच घोंगडीवर मांडली पायजेत."

मांडलं त्यांनी पंगतीसारखंच. पहिली पंगत मातीवाल्यांची. वरची माती आणि मुरूम टोपल्यांनी काढायला यारी लागत नाही, म्हणून ते आधी पुढच्या विहिरीवर जाणार. त्यांच्या मागून सुरुंगवाला आणि यारी, खालचा दगड फोडून वर काढायला. सुरुंगाची भोकं पाडणं चालू असताना यारीवरची माणसं रिकामी बसतात, त्या वेळात त्यांनी बांधकामाचा दगड घडवून ठेवायचा. तिसरी पंगत गवंड्यांची. एक पंगत उठली की मागची बसली, कुणाचा हात रिकामा नाही, यारी एक दिवस उभी नाही. आणि सगळ्या विहिरींना मिळून माणसांची एकच टोळी. ती राज्याच्या सीमेपलीकडून आली होती, जोड्यांनी काम करणारी. नवऱ्यानं खणायचं, बायकोनं वाहायचं. टोळीनं कारखान्याची ऊसतोडीची उचल घेतलेली होती, म्हणून दिवाळी झाली की ती जाणार होती. हेही ह्यांनी धरलं होतं. दिवाळीच्या आधी शेवटची विहीर बांधून होत होती.

खरं सांगते, ते चिंचोके बघून मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला. मग मी ओळ बघितली. सगळ्यात शेवटचा चिंचोका आमच्या वस्तीचा होता.

"हे काय?" मी म्हटलं. "आपली शेवटी?"

"कुणाची तरी शेवटी येणारच की."

"मंग दुसऱ्या कुणाची ठिवा."

त्यांनी मान वर केली नाही. "वाढणारा म्या हाय. आपल्याच पानात आदी वाढलं तर लोक काय म्हणतील?"

मी सासूबाईंकडं बघितलं. वाटलं, त्या तरी काही बोलतील. त्या दोराला पीळ देत होत्या. पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलेला, तोंडात सुपारी. शिकवण त्यांचीच होती. कशा बोलणार?

काम मात्र असं चाललं, की आजूबाजूच्या गावची माणसं बघायला येऊ लागली. यारी एका विहिरीवरून सुटली की बैलगाडीवर चढून थेट दुसरीवर. टोळीचा मुकादम ह्यांना हसून म्हणायचा, "सायबा, तुमी तर श्वास घ्यायला बी टाइम ठिवला न्हाय!" खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. चेअरमनची छाती फुगली. हे घरी येऊन शेंगदाण्याएवढं हसायचे, त्यांच्या मानानं ते पुष्कळ होतं.

पण एका टोळीवर सगळ्या विहिरी टांगल्या की काय होतं, ते चिंचोक्यांना कळत नाही. एका विहिरीच्या भागीदारांचं जागेवरून वाजलं. पाणाड्यानं नारळ हातात घेऊन एक जागा दाखवली, धाकट्या भावाला ती थोरल्याच्या बांधाला फार जवळ वाटली. भांडण मिटेस्तोवर यारी थांबली. तो उशीर त्यांचा होता, पण पुढं सरकला. दुसऱ्या एका विहिरीत असला काळा पाषाण लागला, की सुरुंगालाही त्यानं नुसते दात काढून दाखवावेत. तो उशीर पुढं सरकला. त्यानंतरच्या विहिरीवर यारी पोचली ती नेमकी पितृपंधरवड्यात. भागीदार म्हणाले, पाख सरल्याशिवाय सुरुंग लावू देणार नाही. टोळी बसून राहिली, बाभळीच्या सावलीत सोंगट्या खेळली. आमच्या वस्तीत पितृपंधरवडा कुणी पाळत नव्हतं, पण त्याचा उपास आम्हालाच घडला. कारण मधल्या कुणाचंच नुकसान होत नव्हतं. ज्याचा त्याचा उशीर तो तो मागच्याच्या पानात वाढत होता, आणि शेवटच्या पानाच्या मागं कुणी नव्हतं.

ह्यांनी सगळ्यांची सोय केली होती. उशिराची सोय तेवढी करायची राहिली होती.

त्यातून आमच्या विहिरीवर मातीवाले ठरल्याप्रमाणे लवकरच येऊन गेले होते. त्यांना यारीशी घेणं नव्हतं. माळाकडेला तोंड वासलेला खड्डा तयार होता. मुरूम संपून खडक सुरू झाला होता आणि खडकाच्या फटीला ओल दिसत होती. सासूबाई रोज सकाळी आडावरून पाणी आणलं, की काठी टेकत तिकडं जायच्या. एकदा मुठीत ओला मुरूम घेऊन आल्या आणि माझ्या गालाला लावला. "थंड हाय का न्हाय?" म्हणाल्या. लहान पोरीसारखं तोंड झालं होतं त्यांचं. दोर तोवर वळून पुरा झाला होता, खुंटीला टांगलेला होता. आल्यागेल्याला त्या तो दाखवत.

यारी आमच्या खड्ड्यावर उभी राहिली ती दिवाळीच्या तोंडावर. एक सुरुंग उडाला. वस्तीतली पोरंसोरं नाचली. दुसऱ्याची भोकं पडायची होती तेवढ्यात पाडवा आला, आणि टोळीनं राहायची पालं मोडली. कारखान्याचे ट्रक सडकेला येऊन लागले होते. हे सडकेपर्यंत धावत गेले. मुकादमाचे हात धरले म्हणे. मुकादम भला माणूस होता, तो म्हणाला, "सायबा, उचल खाल्लोय. गेलो न्हाय तर आमचे बैल वडून नेतील." बायका डोक्यावर बोचकी घेऊन ट्रकात चढल्या. सुरुंगवाला ह्यांनी टोळीबरोबरचाच घेतला होता, तोही गेला.

मग तीन-चार दिवस ती यारी आमच्या खड्ड्यावर तशीच उभी होती. यारी आहे, माणसं नाहीत. जे होऊ नये म्हणून ह्यांनी एवढे चिंचोके मांडले, ते नेमकं आमच्या दारात होऊन बसलं. वस्तीतले पुरुष घण-पहारी घेऊन उतरले, पण त्या खडकानं पहारी बोथट केल्या, आणि खडीच्या कामावरचा रोज बुडवून कोण किती दिवस खपणार? शेवटी भाडं चढायला नको म्हणून ह्यांनीच यारी परत पाठवली. बैलगाडी निघाली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या आणि आत येऊन भाकरी थापायला बसल्या. मी मात्र ह्यांच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, उठून जायचे.

सोसायटीच्या सभेत ह्यांना हार घातला. एवढ्या कमी खर्चात एवढ्या विहिरी तालुक्यात कुणी केल्या नव्हत्या, असं चेअरमन बोलले. टाळ्या पडल्या. हार घेऊन हे घरी आले आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मी म्हटलं, "विहीर हाय की रिकामी, तिच्यात टाका." त्यांनी हार खुंटीला अडकवला, दोराच्या शेजारी. सुकून गळेपर्यंत तो तिथंच होता.

शिमग्याच्या सुमारास एके सकाळी सासूबाई उठल्याच नाहीत. डोळे उघडे होते, पण उजवं अंग हलेना आणि तोंड वाकडं झालं. उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब, लकवा. जीव वाचला, पण हात गेला. अर्धवट विहिरीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळत होतं. पण रागाला कुठं कळतं? त्या मधल्या महिन्यांत आडाचं पाणी आटलं होतं, घंटा-घंटा बसावं लागायचं, आणि मी कितीही म्हटलं तरी त्या मला जाऊ देत नव्हत्या. आता मीच जायला लागले. हातभर लांब बसायला लागले.

उन्हाळा लागता लागता योजनेचा दुसरा हप्ता आला. ओढ्यापलीकडं नव्या विहिरी घ्यायच्या, जाता जाता आमची राहिलेली पुरी करायची, असं ठरलं. ह्यांनी पुन्हा कोळशाच्या रेघा मारल्या. बाजेवरून सासूबाई बघत होत्या. बोलणं जड झालं होतं, पण नजर शाबूत होती. सडक ओढ्यापलीकडं, यारी सडकेनं येणार आणि काम संपलं की आमच्या बाजूनं पुढच्या गावाला जाणार, म्हणून पलीकडच्या विहिरी आधी. हिशेबानं अगदी बरोबर. आमचा चिंचोका पुन्हा शेवटी.

मी हातातलं पीठ झटकलं, खाली बसले, तो चिंचोका उचलला आणि सगळ्यांच्या पुढं ठेवला.

"अगं, खर्च वाढंल," ते म्हणाले. "यारी आनखी दोन डाव वढ्यातून न्यावी लागंल."

"न्या की."

"लोक म्हणतील, सेक्रेटरीनं आपलंच आदी केलं."

"गेल्या साली लोक काय म्हणले? लई चांगलं वाढतो म्हणले. आपल्या पानात काय आलं?"

त्यांचा हात पुढं आला. मला वाटलं, उचलतात आता. त्यांनी बटण घेतलं आणि आमच्या चिंचोक्याजवळ ठेवलं.

त्याच दिवशी ते चेअरमनकडं गेले. परत आले ते उतरलेल्या तोंडानं. मला वाटलं, नाही म्हणाले. मी भांडायच्या तयारीत पदर खोचला. तर ते उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "चेअरमन लगीच व्हय म्हणले. म्हणले, सेक्रेटरी, गेल्या सालीच का न्हाय मागितलं? म्या काय न्हाय म्हणलो असतो व्हय?"

माझी तयार ठेवलेली सगळी भांडणं तोंडातच राहिली. चेअरमन नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. कुणावर तरी चिडता आलं असतं.

या वेळी दुसरी टोळी होती आणि सुरुंगवाला उमरग्याचा. यारी आली, बसली, थांबली नाही. दुष्काळानं पाणी आणखी खाली गेलं होतं, म्हणून ठरल्यापेक्षा खोल जावं लागलं. पाणी लागलं ते अंगठ्याएवढ्या धारेनं, पण लागलं. गोडं होतं. गवंड्यांचं कडं अजून बांधून व्हायचं होतं, तरी वस्तीला धीर निघेना. एका सकाळी सगळी वस्ती विहिरीवर गोळा झाली. ह्यांनी आणि शेजाऱ्यानं बाज उचलून सासूबाईंना तिथं नेलं. मी घरच्या खुंटीवरून आणलेला दोर नव्या पोहऱ्याला बांधला आणि पोहरा विहिरीत सोडला.

सासूबाईंनी दोर मागितला. मी डाव्या हातात दिला. त्यांनी बोटं आवळली. पोहरा खाली भरून बसला होता. त्यांनी ओढला, दोर वीतभर वर आला आणि सुळकन परत गेला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्यांनी दोर माझ्या अंगावर टाकला आणि तोंड फिरवलं.

मी शेंदलं. ते पाणी किती जड होतं, ते माझ्या खांद्यांना अजून आठवतं. पोहरा घेऊन मी बाजेपाशी आले. त्यांनी डावा हात पुढं केला. एका हाताची ओंजळ होत नाही, म्हणून ह्यांनी गुडघ्यावर बसून आपला उजवा हात त्यांच्या हाताला जोडला. मायलेकाची मिळून एक ओंजळ झाली. आणि मी पोहरा वाकडा केला. वरून. गावच्या आडावरच्या बायका करायच्या तसाच. दुसरं करणार तरी काय होते?

त्या दोन घोट प्यायल्या. तिसऱ्याला थांबल्या. लेकाकडं बघितलं, आणि वाकड्या तोंडानं, एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "वाढप्यानं शेवटी जेवावं, म्हणून म्या शिकिवलं, बाबा. वाढप्याच्या मायनं बी शेवटी जेवावं, असं कवा म्हणले व्हते?"

ह्यांनी हात काढला नाही. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत गेलं, आणि मी दुसऱ्यांदा पोहरा वाकडा केला.